लूपला फिल्टर लावल्यावर येणारा 'टक्' आवाज असा घालवला

गेममधल्या कूलरची घरघर शेजारच्या खोलीतून यावी (नागपुरी उन्हाळा, दुसरं काय ऐकू येणार!) म्हणून ८ सेकंदांच्या लूपला (पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्याला) पायथनने ८०० हर्ट्झचा लो-पास (त्यावरचे सूर दाबणारा फिल्टर) लावला. दर ८ सेकंदांनी 'टक्'. मूळ फाइल स्वच्छ. टोकांना फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) दिला तर घरघर मधेच दबायची. डोकं उठलं.

फिल्टर शून्य स्थितीतून सुरू होतो, म्हणून लूपची सुरुवात शेवटाशी जुळत नाही.

आधी १६-बिट नमुने (आवाजाची आकड्यांतली मापं) ३२७६८ने भागा, म्हणजे ते -१ ते १ मध्ये येतात. नमपायने (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) तोच लूप दोनदा सलग जोडा. सायपाय या लायब्ररीच्या 'बटर'ने चौथ्या ऑर्डरचा 'एसओएस' (छोट्या टप्प्यांत मांडलेला) फिल्टर घ्या, तो लावणारं 'सॉसफिल्ट' फंक्शन चालवा, फक्त दुसरी प्रत कापून ठेवा; तोवर फिल्टर स्थिरावलेला असतो. 'सॉसफिल्टफिल्ट' (पुढून आणि मागून दोन्हीकडून फिल्टर करणारं) असेल तर तीनदा जोडून मधली प्रत ठेवा. स्टिरिओला अक्ष ० (म्हणजे वेळेच्या दिशेने फिल्टर) द्याच, नाहीतर डावा-उजवा चॅनेल एकमेकांत मिसळतो. मग -१ ते १ मध्ये क्लिप (बाहेरचं छाटून), ३२७६७ने गुणाकार, १६-बिट डब्ल्यूएव्ही. एमपीथ्री नको, टोकांना शांतता चिकटते.