गावच्या पेपरचे मालक किती झाले, हे शोधायचं कसं

आमच्या आजोळी एक चार पानी दैनिक निघायचं. नाव मामाच्या लहानपणापासून तेच, पण मालक किती झाले विचारलं की प्रत्येकजण वेगळंच सांगणार. मी पुण्यात राहून ते शोधलं, त्यात बरेच रविवार गेले, तुमचे वाचावेत म्हणून लिहितोय.

सुरुवात वर्धापनदिनाच्या विशेषांकापासून करू नका. त्यात संस्थापकांचा हार घातलेला फोटो असतो, आमदारांच्या शुभेच्छा असतात, पेपर कधी विकला गेला ते मात्र नसतं. त्यापेक्षा रोजच्या अंकाच्या शेवटच्या पानावर तळाशी मुंगीएवढ्या टायपात 'अमुक यांनी अमुक प्रेसमध्ये छापून प्रसिद्ध केले' अशी ओळ असते ती वाचा. आमच्या पेपरमध्ये आधी प्रेस बदलला आणि मग दोनेक वर्षांनी मालक, म्हणजे मशीन आधी विकलं गेलं होतं, पेपर नंतर.

खरा खजिना फॉर्म ४. वृत्तपत्र नोंदणीच्या १९५६ च्या नियमांप्रमाणे दरवर्षी फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात मालकीचं निवेदन छापावं लागायचं, त्यात मुद्रक, प्रकाशक, संपादक, मालक, शिवाय भांडवलात एक टक्क्यापेक्षा जास्त हिस्सा असलेले भागीदार, सगळे नाव-पत्त्यासकट. त्यामुळे वाचनालयात गेलात की सगळ्या फाइली उपसत बसू नका, दरवर्षीचा मार्चचा पहिला आठवडा तेवढा मागा, फोटो काढा आणि वहीत वर्षवार उतरवा. मी हे उशिरा शिकलो, तोवर धुळीने नाक गेलं होतं.

संपादक म्हणजे मालक असं धरू नका हं. १८८१ ला केसरी निघाला तेव्हा संपादक आगरकर होते, टिळक नव्हे. मतभेद झाले, आगरकर बाहेर पडले, १८८८ ला त्यांनी सुधारक काढला, आणि केसरीची मालकी टिळकांकडे आली ती १८९१ ला. सकाळचंही तसंच, १९३२ ला नानासाहेब परुळेकरांनी काढला, १९७३ ला ते गेले आणि १९८५ ला पेपर पवार कुटुंबाकडे गेला. पाटी तीच, घरातली माणसं वेगळी.

अंक कुठे मिळतील? आधी त्या गावचं सार्वजनिक वाचनालय. पुण्यात नगर वाचन मंदिरात विचारा, अगदी काहीच नसेल तर बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात रद्दी चाळा (मला तिथे अंक मिळाला नाही, पितळी अडकित्ता मिळाला). १९५४ च्या कायद्याने मुंबईच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाकडे प्रती पाठवायच्या असतात, पण पाठवतंय कोण.

नोंदणी क्रमांकही बघा. जुन्या पेपरचा क्रमांक '/५७' वर संपत असेल तर ते नोंदणीचं साल, पेपर त्याच्या आधीचा असू शकतो. नावाखाली 'वर्ष २१ वे' असं छापतात, तो आकडा मधेच अडखळला तर पेपर बंद पडला होता असं समजा आणि त्या सुमाराला खणा. जिल्हाधिकारी कार्यालयात प्रकाशकाचं डिक्लेरेशन, म्हणजे 'हा पेपर मी काढतो' असं लेखी निवेदन, करावं लागायचं, ते माहिती अधिकारात मागता येतं. २०२४ च्या मार्चपासून कायदा बदललाय, आता सगळं ऑनलाइन. मालक कंपनी असेल तर कंपनी मंत्रालयाच्या साइटवर संचालक दिसतात, ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे जायचं.

तोट्यातला पेपर कोणी का घेतो, असं वाटेल. माझ्या मते टायटल, म्हणजे पेपरचं नोंदलेलं नाव, आणि सरकारी जाहिरातींच्या यादीतली जागा यासाठीच घेतात, खप दुय्यम.

शेवटी पत्ते जुळवा, नुसती नावं नकोत. आमच्या पेपरचा 'नवा' मालक आणि जुना मालक एकाच वाड्यात राहायचे, म्हणजे ती विक्री नव्हतीच, भावाभावांची वाटणी होती. मोठ्या अभिमानाने मामाला सांगितलं तर म्हणाला, "अरे मग मलाच विचारायचंस ना, त्या वाटणीच्या कागदावर साक्षीदार म्हणून माझीच सही आहे."