'ऑरेंज' हा शब्द नीट कसा वापरावा

पेटीवरचं लेबल असो, परदेशी व्यापाऱ्याला मेल असो की शाळेतला निबंध, नागपूरच्या संत्र्याबद्दल इंग्रजीत लिहायचं म्हटलं की 'ऑरेंज' हाच शब्द आधी सुचतो. तो चूक नाही. पण नुसता 'ऑरेंज' वाचून इंग्रज माणसाच्या डोळ्यांपुढे घट्ट सालीचं, सुरीनं कापायचं फळ येतं. ते आपल्या मोसंबीच्या जातीचं, सिट्रस सायनेन्सिस. आपला संत्रा सिट्रस रेटिक्युलाटा: साल सैल, अंगठा घातला की सुटते आणि फोडी अलगद मोकळ्या होतात. त्याला इंग्रजीत 'मँडरिन' म्हणतात.

म्हणून पहिल्या उल्लेखात 'नागपूर मँडरिन' किंवा 'मँडरिन ऑरेंज' लिहा, पुढे हवं तर नुसतं 'ऑरेंज' चालेल. भौगोलिक मानांकनात मात्र नाव 'नागपूर ऑरेंज' असं आहे. मानांकनाबद्दल लिहिताना तेच ठेवा, त्यात सुधारणा करू नका. मोसंबीसाठी आपल्याकडे 'स्वीट लाइम' लिहितात. परदेशी गिऱ्हाईक त्यावरून गोड लिंबू समजतं. तिथे 'स्वीट ऑरेंज' लिहा.

हा घोळ का होतो, ते शब्दाच्या प्रवासावरून कळतं. मोठ्या इंग्रजी शब्दकोशात व्युत्पत्ती बहुधा चौकटी कंसात असते आणि ती उलटी वाचायची: आधी जवळची भाषा, मग लांबची. 'ऑरेंज' इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, मध्ययुगात. त्यामागे अरबी 'नारंज', त्यामागे फारसी 'नारंग', त्यामागे संस्कृत 'नारङ्ग', आणि त्याचंही मूळ बहुधा द्राविडी. म्हणजे आपला 'नारिंगी' आणि त्यांचा 'ऑरेंज' एकाच घरातले. 'संत्रा' वेगळ्या घरातला. त्याचा संबंध सहसा पोर्तुगालच्या सिंत्रा गावाशी जोडतात. अरबांनी युरोपात नेलं ते कडू नारिंग. गोड फळ त्यानंतर आलं, आणि मँडरिन इंग्लंडात पोचला तो थेट १९व्या शतकात. तोवर 'ऑरेंज' हे नाव घट्ट सालीच्या फळाला पक्कं चिकटलं होतं.

सुरुवातीचा 'न' कुठे गेला? इंग्रजीत आधी 'अ नॉरेंज' होतं आणि त्याचं 'अॅन ऑरेंज' झालं, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ते खरं नाही. इंग्रजीत शब्द आला तेव्हाच 'न' गळालेला होता. इटालियन-फ्रेंचमध्ये आधीच्या 'उना', 'उन' या उपपदांत तो मिसळून गेला. इंग्रजीत असं खरोखर घडलं ते 'एप्रन'च्या बाबतीत: 'अ नेप्रन'चं 'अॅन एप्रन'.

रंगाचा अर्थ फळानंतरचा, १६व्या शतकातला. त्याआधी इंग्रज त्या रंगाला 'पिवळा-लाल' अशा जोडशब्दानं ओळखत. रॉबिन पक्ष्याची छाती नारिंगी असूनही त्याचं नाव 'रेडब्रेस्ट' पडलं, ते यामुळेच.

आता वापर. उच्चार 'ऑरिंज' च्या जवळचा, जोर पहिल्या अक्षरावर. 'रें' लांबवू नका. आधी 'अॅन', कारण शब्द स्वरानं सुरू होतो. फळं मोजताना 'ऑरेंजेस', पण दुसऱ्या नामाआधी एकवचनच: 'ऑरेंज ज्यूस', 'ऑरेंज ऑर्चर्ड'. 'ऑरेंजेस ऑर्चर्ड' ही आपल्याकडे नेहमी होणारी चूक, कारण मराठीत आपण 'संत्र्यांची बाग' म्हणतो. 'ऑरेंज कलर शर्ट'मधला 'कलर' काढून टाका, 'ऑरेंज शर्ट' पुरे.

रंग किंवा फळ म्हणून वाक्याच्या मध्ये आलेला 'ऑरेंज' लहान 'ओ'नं लिहा. मोठा 'ओ' फ्रान्समधल्या ऑरेंज गावाला आणि नेदरलँड्सच्या राजघराण्याला. त्या गावाचं जुनं नाव 'अराउसिओ', फळाशी मुळात संबंध नाही. दक्षिण आफ्रिकेतली ऑरेंज नदीसुद्धा त्या राजघराण्यावरून. भाषांतर करताना तिची 'नारिंगी नदी' करू नका.