मॉनिटर घेण्याआधी टेबलावर पुठ्ठा उभा करून बघा

दुकानात बेताचा वाटलेला मॉनिटर घरच्या टेबलावर आला की अंगावर येतो, नाहीतर अक्षरं वाचायला पुढे वाकावं लागतं. ऑर्डर देण्याआधी एवढं करा:

१. पुठ्ठ्याचा आयत कापा. २४ इंचासाठी साधारण ५३ × ३० सेंमी, २७ इंचासाठी ६० × ३४.
२. टेबलावर उभा करा, मागे स्टँडसाठी वीतभर जागा सोडून.
३. नेहमीसारखं (म्हणजे खरंच जसं बसता तसं) बसा. हात लांब केल्यावर बोटं पुठ्ठ्याला टेकली, तर अंतर ठीक. वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. जमत नसेल तर उंची बदलणारा स्टँड असलेलाच मॉनिटर बघा.

२४ इंचाला १९२० × १०८० रिझोल्यूशन (पडद्यावरचे आडवे × उभे ठिपके) पुरतं. २७ इंचाला तेवढंच घेतलं तर अक्षरं भरड दिसतात. तिथे २५६० × १४४० घ्या. दिवसभर मजकूर नाहीतर एक्सेल असेल, तर इथे काटकसर नको. रिफ्रेश रेटच्या (चित्र सेकंदाला किती वेळा ताजं होतं, त्याच्या) मोठ्या आकड्यांवर मात्र काटकसर खुशाल करा.

एक मात्र तपासा: लॅपटॉपच्या प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र जात नाही. माहितीपत्रकात त्या पोर्टपुढे डिस्प्लेपोर्ट किंवा थंडरबोल्ट लिहिलेलं नसेल, तर एचडीएमआय केबलची सोय बघा.