जुन्या अरबी तलवारी ओळखायला शिकताना

म्युझियॉलॉजीचं शिकत असताना एका खाजगी संग्रहाची नोंदवही करायला मदत केली, तिथली पहिली अरबी तलवार ओमानी कट्टारा. सरळ दुधारी पातं, मूठ लांब नळीसारखी आणि हाताला आडोसा देणारी परज अजिबात नाही. पात्यावर पळत्या लांडग्याचा ठसा दिसला आणि मी बेधडक 'जर्मनी' लिहून टाकलं. सर म्हणाले, अगं पातं कुठलं ते लिहिलंस, तलवार कुठली ते कोण लिहिणार?

तेव्हापासून मी पातं, मूठ, म्यान तिन्हीची वेगळी नोंद करते, नवीन येणाऱ्यांनाही हेच सांगते. कारण चांगली पाती दूरदूर विकली जायची, आणि मूठ मात्र बसवायची ती आपापल्या पद्धतीने. आपल्याकडची फिरंग आठवा ना, पातं युरोपचं आणि मूठ इथली, अगदी तसंच.

आता ठशांबद्दल. लांडगा मूळ जर्मनीतल्या पासाऊ गावचा, पुढे तिथल्याच सोलिंगेनवाल्यांनी उचलला, मग कॉकेशसमध्येही नक्कल झाली. पापणीच्या केसांसारख्या दातेरी दोन कमानी असतात ना, त्या उत्तर इटलीच्या समजल्या जातात, पण त्यांची नक्कल ऑस्ट्रियापासून भारतापर्यंत झालीय, म्हणजे नुसता ठसा बघून गाव ठरवायचं नाहीच. इराणी शमशेरीवर, म्हणजे वाकड्या पात्याच्या तलवारीवर, 'अमल-ए-असदुल्लाह' (असदुल्लाहचं काम) दिसलं तर मुळीच घाई नको, इस्फहानच्या या कारागिराचं नाव एवढं मोठं होतं की नंतरच्या कितीतरी लोकांनी ते आपल्या पात्यांवर घातलं.

साल असेल तर बहुतेक हिजरी असतं. 0.97 ने गुणा आणि 622 मिळवा, 1200 म्हणजे साधारण 1786. पण अरबी आकडे नीट शिका, २ आणि ३ मध्ये माझी अजून गल्लत होते, म्हणून दोनदा वाचते.

पोलादात लाटांसारखी नक्षी दिसली तर ते वूट्झ असू शकतं, हे पोलाद दख्खनमधून, आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांतून इराणपर्यंत जायचं. दख्खनचा संबंध उलट बाजूनेही आहे, निजामाच्या फौजेत येमेनमधल्या हद्रमौतचे अरब होते, मराठवाड्यात आजही त्यांना चाऊस म्हणतात, त्यामुळे हैदराबाद-औरंगाबादकडे अरबी जंबिया (वाकडा खंजीर) किंवा तलवार मिळाली तर ती समुद्रापलीकडूनच आली असं धरू नका.

आणि प्लीज, ठसा दिसत नाही म्हणून पितळ घासायची पावडर लावू नका!! अंधारात टॉर्च एका बाजूने तिरका धरा, पुसट ठसेही उठून दिसतात, तसाच फोटो काढा. लांडगा तर कधीकधी नुसत्या चार-पाच रेघांचाच असतो.