फास्ट प्लॅटफॉर्मर करताय? अडथळे ठेवताना या चुका टाळा

समजा तुम्ही गोडो या गेम इंजिनमध्ये असा धावत, उड्या मारत पुढे जायचा गेम करताय, पदेर, म्हणजे पाववाला, सायकल घेऊन म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सुसाट सुटलाय, वाटेत केळ्यांचे घड, चवरिसांच्या (गोव्याच्या सॉसेजच्या) माळा, मध्येच आडवी गाय. मित्राला खेळायला दिला की तो दोन मिनिटांत म्हणतो, "अनफेअर आहे रे." मग आपण काय करतो, तर गपचूप स्पीड कमी करतो. झालं, गेमची मजाच गेली.

स्पीडला हात लावायच्या आधी पुढचं किती दिसतंय ते मोजा, आणि पिक्सेलमध्ये नको, सेकंदात मोजा. सेगाच्या मेगा ड्राइव्ह या जुन्या कन्सोलची स्क्रीन ३२० पिक्सेल रुंद, त्यावरच्या १९९१ च्या सॉनिक गेममध्ये धावायचा टॉप स्पीड फ्रेमला ६ पिक्सेल, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम धरून ३६० पिक्सेल. कॅरेक्टर साधारण मध्यावर, म्हणजे पुढचे १६० दिसतात, हातात वेळ जेमतेम ०.४४ सेकंद. सॉनिक २ मधला फुल स्पिन डॅश (जागेवर गरगर फिरून सुसाट सुटणं) फ्रेमला १२ पिक्सेलचा, तिथे उरतात ०.२२ आणि माणसाला नुसतं बघून बटण दाबायलाच तेवढा वेळ लागतो! अशा जागी काटे ठेवले तर ते वळणापलीकडच्या, पट्टे न मारलेल्या रंबलरसारखं (स्पीडब्रेकरसारखं) होतं, दिसेपर्यंत उडालेला असतो.

यावर उपाय म्हणजे स्पीड वाढला की कॅमेरा पुढे सरकवा, १९९३ च्या सॉनिक सीडीत तेच केलंय. फक्त हळूहळू सरकवा, दिशा बदलल्याबरोबर झटका दिलात तर डोकं गरगरतं. आणि स्प्रिंग किंवा रॅम्पवरून जिथे उतरतो तिथे शत्रू ठेवूच नका, हे मी हजारदा बघतो. चुकलेल्याला लगेच मारू पण नका, वरच्या फास्ट रस्त्यावरून खालच्या स्लो रस्त्यावर पडू दे, तेवढी शिक्षा पुरे. मारायचंच असेल तर सुपर मीट बॉय गेमसारखं क्षणात परत उभं करा, लोडिंग स्क्रीन दाखवत बसू नका.

कोयोटे टाइम, म्हणजे कडेवरून पाय सुटल्यावरही जंप मारता येतो तो क्षणभराचा वेळ, दुसरीकडून जसाच्या तसा उचलू नका. सेलेस्ट गेममध्ये तो ०.१ सेकंद आहे आणि तिथे मस्त बसतो, पण ३६० च्या स्पीडला तेवढ्यात ३६ पिक्सेल होतात आणि आपला पदेर चक्क हवेत सायकल मारताना दिसतो. कमी करा, आणि जमिनीला लागायच्या जरा आधी दाबलेला जंप लक्षात ठेवणारा बफर मात्र ठेवाच.

पातळ भिंतीतून आरपार जात असेल तर तुम्ही पोझिशन थेट बदलताय, गोडोचं 'मूव्ह अँड स्लाइड' फंक्शन वापरा.

टेस्टिंग स्वतः करून उपयोग नाही, आपल्याला लेव्हल तोंडपाठ असते. ज्याने ती कधी बघितलीच नाही अशाला द्या, तोंडातून शब्द न काढता मागे उभे राहा आणि तो पहिल्यांदा कुठे कुठे मरतो ते लिहा. दोघं-तिघं एकाच जागी गेले तर तिथला अडथळा थोडा पुढे ढकला किंवा त्याच्या आधी नाण्यांची कमान टाका, नाण्यांमागे पोरं आपसूक उडी मारतात.