व्हीएम सरकली, लायसन्स मागेच राहिलं: विंडोज सर्व्हरच्या या चुका टाळा

रबाळे-महापेतल्या कारखान्यांत किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या ऑफिसांत दोन होस्टचा, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या दोन प्रत्यक्ष सर्व्हरचा, क्लस्टर आता सर्रास दिसतो. एका होस्टची रॅम वाढवायची असली की सगळ्या व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक) शेजारच्या होस्टवर सरकवायच्या आणि काम झालं की परत आणायच्या. तांत्रिकदृष्ट्या यात काहीच अडचण नाही. पण नेहमीच्या कोअर-लायसन्सिंगमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या कोअरच्या संख्येवर लायसन्स घेण्याच्या पद्धतीत, विंडोज सर्व्हरचं लायसन्स व्हीएमला नसतं, त्याखालच्या लोखंडाला, म्हणजे प्रत्यक्ष होस्टला असतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक हिशेबाची. समजा दोन होस्ट आहेत, प्रत्येकात १२ कोअरचे दोन प्रोसेसर आणि मिळून सहा व्हीएम, तीन इथे, तीन तिथे. विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड एडिशनमध्ये होस्टच्या सगळ्या कोअरचं लायसन्स एकदा घेतलं की दोन व्हीएमचा हक्क मिळतो. म्हणून बरेच जण तीन-तीन व्हीएमसाठी प्रत्येक होस्टला ४८ कोअरचं लायसन्स घेतात. पण एक होस्ट बंद पडला की सहाही व्हीएम दुसऱ्यावर येणार. तेव्हा २४ चे तीन संच, म्हणजे प्रत्येक होस्टला ७२ आणि एकूण १४४ कोअर लागतात. बंद होस्टचं लायसन्स तात्पुरतं इकडे आणू म्हणाल, तर एका होस्टला लावल्यापासून ९० दिवसांच्या आत ते हलवता येत नाही. हार्डवेअर कायमचं निकामी झालं तरच सूट. व्हीएमच्या संख्येवर मर्यादा नसलेल्या डेटासेंटर एडिशनची किंमत स्टँडर्डच्या पाच-सहा पट असते, त्यामुळे एका होस्टवर दहा-बारा व्हीएम येण्याची शक्यता असेल तर तीच घ्यावी.

कोअर मोजताना टास्क मॅनेजरमधला ‘कोअर्स’चा आकडा घ्या, ‘लॉजिकल प्रोसेसर्स’चा नको. प्रोसेसरमागे किमान ८ आणि सर्व्हरमागे किमान १६ कोअर धरावेच लागतात.

सर्व्हरसोबत आलेलं ओईएम (यंत्राच्या उत्पादकाने दिलेलं) लायसन्स त्या यंत्राबरोबरच संपतं. जुना सर्व्हर भंगारात काढून त्याच्या व्हीएम नव्यावर नेल्या, तर त्यांचा हक्क नव्याने विकत घ्यावा लागतो. आवृत्तीही तपासा: २०१९ च्या लायसन्सवरच्या होस्टवर २०२२ ची व्हीएम चालवता येत नाही.

‘ॲक्टिव्हेट झालं म्हणजे लायसन्स आहे’ हा समज सोडा. उलटही घडतं, लायसन्स पक्कं असून ॲक्टिव्हेशन तुटतं. एव्हीएमए की (होस्टकडून आपोआप ॲक्टिव्हेट करणारी) असलेली व्हीएम मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरच्या डेटासेंटर होस्टवरच ॲक्टिव्हेट होते. स्टँडर्ड होस्टवर किंवा व्हीएमवेअर या दुसऱ्या व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरवर नेली की केएमएस (कंपनीतल्याच सर्व्हरकडून ॲक्टिव्हेट होणारी) किंवा एमएके (थेट मायक्रोसॉफ्टकडून ॲक्टिव्हेट होणारी) की टाकावी लागते. केएमएसची मुदत १८० दिवसांची असते. दुसऱ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या वेगळ्या भागात) नेलेल्या व्हीएमला केएमएसचं १६८८ पोर्ट बंद असेल, तर ती महिनोन्‌महिने बिनबोभाट चालते आणि मग अचानक तक्रार करते. म्हणून हलवल्याच दिवशी ‘एसएलएमजीआर’ कमांड आधी ‘एटीओ’ (ॲक्टिव्हेट करायला) आणि मग ‘डीएलव्ही’ (स्थिती तपासायला) स्विच लावून चालवा. व्हीएमवेअरने ‘मूव्ह की कॉपी’ विचारलं तर ‘मूव्ह’च निवडा. ‘कॉपी’ने व्हीएमचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) आणि मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा) बदलतो, आणि एमएकेवाली व्हीएम पुन्हा ॲक्टिव्हेशन मागू शकते.

व्हीएम सारख्या फिरत असतील तर ऑक्टोबर २०२२ पासून व्हीएमनिहाय लायसन्सचा पर्याय आहे. त्याला सॉफ्टवेअर अश्युरन्स (मायक्रोसॉफ्टचा लायसन्ससोबतचा सशुल्क करार) किंवा सबस्क्रिप्शन हवं, आणि व्हीएममागे किमान ८ कोअर. तो परवडत नसेल, तर हायपर-व्ही क्लस्टरमध्ये ‘पॉसिबल ओनर्स’ आणि व्हीएमवेअरच्या डीआरएसमध्ये (व्हीएम होस्टवर आपोआप वाटणाऱ्या सोयीत) ‘मस्ट रन’ नियम लावून व्हीएम फक्त पुरेसं लायसन्स असलेल्या होस्टवरच जाऊ द्या.