सीपॅप जमत नाही म्हणून इम्प्लांट? आधी हे तपासा

झोपेत घसा मिटून श्वास अडकतो, त्या स्लीप ॲप्नियावर जिभेच्या नसेला हलके झटके देणारं इम्प्लांट निघालंय. ते सीपॅप (मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन) न जमणाऱ्यांसाठी आहे, म्हणून आधी मशीन का जमलं नाही ते शोधा.

मशीनच्या कार्डावरून अहवाल काढून घ्या: रोजचे तास, मास्कची गळती, उरलेला एएचआय (तासाला श्वास किती वेळा अडकतो किंवा उथळ होतो). कोकणात पावसाळ्यात दोन गोष्टी नडतात, नळीत साठणारं पाणी आणि जाणारी लाईट. मशीन उशीच्या पातळीखाली ठेवा, नळीला कापडी कव्हर घाला, ह्युमिडिफायर (मशीनची हवा ओलसर करणारा भाग) एक-दोन अंकांनी उतरवा. लाईट गेली की त्याची हीटिंग बंदच ठेवा. वीज बरीच तीच खाते आणि बॅटरी बसते. नाक चोंदत असेल तर आधी त्याचा इलाज. एवढ्यानं भागलं तर चिरफाड कशाला?

नाहीच भागलं, तर स्लीप स्टडीचा रिपोर्ट उघडा. अमेरिकेत एफडीए या औषध-उपकरणांच्या सरकारी नियामकानं 2014 मध्ये इन्स्पायर या इम्प्लांटला मंजुरी दिली. तिथे एएचआय किमान 15 लागतो आणि मेंदूकडून संकेतच न आल्यानं थांबलेले श्वास एकूण अडथळ्यांच्या 25 टक्क्यांच्या आत असावे लागतात. वजन फार असेल तर फायद्याची आशा कमी.

खरा निकाल लागतो तो भूल देऊन झोपवून केलेल्या एंडोस्कोपीत. घसा नेमका कुठे आणि कसा मिटतो ते डॉक्टर दुर्बिणीतून बघतात. मऊ टाळू चहूबाजूंनी, पिशवीचं तोंड आवळावं तसा मिटत असेल, तर जीभ पुढे ढकलून उपयोग होत नाही. ही तपासणी न करता कोणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर दुसरं मत घ्या.

टाळूत पॉलिएस्टरच्या तीन काड्या बसवण्याचा उपाय वेगळा. तो घोरण्यासाठी आणि फार तर सौम्य आजारासाठी. काडी बाहेर येण्याची तक्रारही असते.

इन्स्पायरच्या ऑपरेशनमध्ये उजव्या कॉलरबोनखाली बॅटरीची डबी आणि हनुवटीखाली नसेवर तार बसते. जुन्या मॉडेलला श्वास ओळखणारी आणखी एक तार लागते. यंत्र साधारण महिन्याभरानं चालू करतात, मग रिमोटनं ताकद हळूहळू वाढवायची आणि पुन्हा स्लीप स्टडी. या फेऱ्या आधीच हिशेबात धरा, कारण कुडाळ-रत्नागिरीहून मुंबई गाठायची तर रजा आणि रेल्वेचं तिकीट दोन्ही लागतं. 126 जणांच्या मूळ अभ्यासात एएचआयचा मध्यांक वर्षभरात 29.3 वरून 9 वर आला, पण सुमारे तिसऱ्या हिश्शाला ठरलेला निकष गाठता आला नाही. जीभ दातांवर घासून सोलवटणं, जंतुसंसर्ग, तार सरकणं हे धोके आहेत.

तांडेल-खलाशांना 1 जून ते 31 जुलैची मासेमारी बंदी यासाठी सोयीची: जाळी ओढायची नसतात, जखम भरायला वेळ मिळतो.

डॉक्टरांना लेखी विचारा: हे यंत्र भारतात कोण पुरवतं, सेटिंग कुठे होईल, सुमारे अकरा वर्षांनी बॅटरी बदलायचा खर्च कोणाचा, एमआरआय चालेल का, विमा किती देतो. आणि सेटिंग बसेपर्यंत जुनं सीपॅप विकू नका.